बाबाले नोकरी लागली

चांदूर बाजारच्या टॉकीजच्या दारावर देवमन बावीस वर्षं उभा राहिला. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं आणि खेळ सुरू झाल्यावर आलेल्याला टॉर्च दाखवत खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं, हे त्याचं काम. टॉकीज बंद पडलं तेव्हा तो पन्नाशीचा होता. त्यानंतरची सहा वर्षं लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या गेटवर आणि एरवी घरी अशी गेली. घर चालायचं ते मुख्यतः सुंदराबाईच्या पगारावर. ती अंगणवाडीत मदतनीस होती.

त्यांची एकुलती मुलगी भावना. बी.कॉम. झालेली, चोवीस वर्षांची, अक्षर मोत्यासारखं आणि आवाज इतका हळू की दुकानदाराला तिच्याकडे वाकून ऐकावं लागे. दोन वर्षांत तिनं तीन रोजगार मेळावे केले होते. प्रत्येक वेळी ‘कळवतो’ म्हणाले आणि कोणी कळवलं नाही.

चौथा मेळावा अमरावतीला होता. या वेळी सरकारनं नवी योजना काढली होती. दवाखाने, हॉटेलं, मॉल, कॉल सेंटर अशा सेवा देणाऱ्या व्यवसायांनी तीस वर्षांच्या आतल्या मुलामुलींना कामावर घेतलं, तर वर्षभर त्यांचा अर्धा पगार सरकार भरणार होतं. भावनानं जाहिरात आईला वाचून दाखवली.

‘‘अर्धा पगार सरकार देते म्हटल्यावर मालक नाई काहून म्हनन?’’ सुंदराबाई म्हणाली. ‘‘जाऊन ये. बाबाले घेऊन जा संगं.’’

‘‘बाबा कायले? मी काय लहान आहे?’’

‘‘मी काई बोलत नाई तथी,’’ देवमन म्हणाला. ‘‘बाहेर बसतो. तुही पिशवी धरतो.’’

सकाळच्या एसटीनं दोघं अमरावतीला गेले. मेळावा एका शाळेच्या मोठ्या सभागृहात होता. आत कंपन्यांचे स्टॉल आणि बाहेर मांडवात हजारभर पोरं. दहा वाजता दारं उघडली आणि साडेदहाला सगळा गोंधळ झाला. कोणी तरी दोन रंगांचे टोकन छापले होते, पांढरे आणि पिवळे, पण दोन्हींवर नंबर तेच. त्यात लाऊडस्पीकर बंद पडला. दारावरचा कर्मचारी ओरडून ओरडून नंबर सांगत होता आणि एका नंबराला दोन-दोन जण धावत होते. ढकलाढकली सुरू झाली. भावना तिचा पांढरा, दोनशे बारा नंबरचा टोकन मुठीत धरून मागे मागे सरकत भिंतीला टेकली.

देवमन पाचेक मिनिटं पाहत राहिला. मग पिशवी भावनाच्या हातात देऊन पुढे गेला. मांडवाचा एक दोर पडला होता, तो त्यानं दोन खांबांना बांधला आणि खुर्चीवर चढला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण लांबवर पोचणारा होता. आठशे माणसांच्या टॉकीजमध्ये कमावलेला.

‘‘पांढरेवाले भिंतीकडे या. पिवळेवाले दोराच्या तिकडून. कोनाचाच नंबर जाऊन नाई राहिला. सगळ्याइचा येते. आधी पांढरे पाच जातीन, मग पिवळे पाच.’’

पोरांनी आधी त्याच्याकडे, मग एकमेकांकडे पाहिलं आणि ओळी लागल्या. एक बाई कडेवर मूल घेऊन मुलाखतीला आली होती. तिला त्यानं स्वतःची खुर्ची दिली. दारावरच्या कर्मचाऱ्याला म्हणाला, ‘‘भाऊ, तुमी पानी पिऊन या. मी हाये इथी.’’ तो दोन तास तिथंच उभा होता.

राजापेठ भागातल्या एका खाजगी हॉस्पिटलचा स्टॉल दाराशेजारीच होता. तिथल्या व्यवस्थापिका मंजुषा मॅडम हे सगळं बघत होत्या. साधारण पंचेचाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवायची सवय असलेल्या. शेवटी त्या उठून आल्या.

‘‘काका, तुम्ही इथले कर्मचारी का?’’

‘‘नाई मॅडम. मी पोरीसंगं आलो.’’

एकच्या सुमाराला भावनाची त्याच स्टॉलवर मुलाखत झाली. हॉस्पिटलला रिसेप्शनसाठी मुली हव्या होत्या. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर तिनं पाठ केलेल्या सात वाक्यांतली दोन म्हटली आणि तिसरं आठवेना. मंजुषा मॅडमच्या शेजारी बसलेले डॉक्टर दोनदा ‘जरा मोठ्यानं’ म्हणाले. त्यामुळं तिचा आवाज आणखीच खाली गेला. चार मिनिटांत ती बाहेर आली.

‘‘काय म्हने?’’ देवमननं विचारलं.

‘‘कळवतो म्हने.’’

ती नळावर तोंड धुवायला गेली तेवढ्यात मंजुषा मॅडमनी देवमनला बोलावलं. त्यांनी सरळच विचारलं, ‘‘काका, आमच्याकडे याल का कामाला? रोज चारशे पेशंट येतात. मोर्शी, वरुड, धारणी, कुठून कुठून. आत आल्यावर कुठं जायचं ते त्यांना कळत नाही. बोर्ड आहेत, पण बोर्ड कोणी वाचत नाही. मला दारात माणूस हवाय.’’

देवमनला आधी वाटलं, बाई चेष्टा करताहेत. मग म्हणाला, ‘‘माह्यापेक्षा पोरीले घ्या मॅडम. बी.कॉम. हाये. तिचा पगार तं अर्धा सरकार देते. माहा कोन देईन?’’

‘‘तुमचा आम्हीच देऊ. तिची मुलाखत वेगळी झाली, त्यावर मी आता काही बोलत नाही. तुमचा फोन नंबर द्या.’’

देवमनच्या खिशात साधा फोन होता. पण त्यानं भावनाचा नंबर लिहून दिला. फोन आलाच तर पोरीशी बोलणं होईल, बोलता बोलता त्यांना पोरगी आवडेल, असं काही तरी त्याच्या मनात होतं.

परतीच्या एसटीनं वलगाव मागे टाकलं. मग भावना म्हणाली, ‘‘तुमी दारावर मस्त केलं बाबा.’’

‘‘हं,’’ देवमन म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. सुंदराबाई अंगणवाडीतून येऊन भाजी निवडत होती, देवमन ओट्यावर होता. भावनानं नाव विचारलं, हॉस्पिटलचं नाव ऐकलं आणि उभीच राहिली. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘‘अभिनंदन. आमच्याकडे निवड झाली आहे. सोमवारी नऊ वाजता रुजू व्हायचंय. येताना आधार कार्ड आणि दोन फोटो.’’

‘‘हो,’’ भावना म्हणाली. तिनं आईकडे बघून हात वर केला. सुंदराबाईच्या हातातली मेथी तशीच राहिली.

‘‘देवमन नामदेव वानखडे, बरोबर ना? तुम्ही त्यांच्या कोण?’’

भावनानं वर केलेला हात खाली घेतला. ‘‘मुलगी,’’ ती म्हणाली. ‘‘सांगते त्यांना.’’

फोन ठेवून ती मागच्या दारी गेली आणि भरलेल्याच बादलीत पाणी भरत राहिली. सुंदराबाई तिच्यामागं गेली नाही. तिला आपली पोरगी ठाऊक होती. दहा मिनिटांनी भावना ओट्यावर आली.

‘‘बाबा, तुमाले नोकरी लागली. सोमवारी बोलावलं.’’

देवमन तिच्याकडे बघेना. ‘‘मी नाई जात. तुले घ्या म्हनून सांगतलं होतं त्याइले.’’

‘‘काहून?’’

‘‘पोरगी घरी बसली आन् बाप डबा घेऊन निंगाला. लोकं काय म्हनतीन?’’

‘‘लोकं जाऊ द्या. तुमी काय म्हनता?’’

देवमन ओट्याच्या कडेची माती नखानं खरवडू लागला. सहा वर्षांत कोणी त्याला ‘याल का कामाला’ असं विचारलं नव्हतं, हे तो कसं सांगणार. भावना त्याच्या शेजारी बसली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण थरथरत नव्हता.

‘‘माही कीव करून घरी नका बसू बाबा. ते मले जास्त लागते. मले वाईट वाटलं, खोटं नाई सांगत. फोन आला तवा वाटलं माहाच हाये. पन तुमाले जा लागते.’’

रविवारी तिनं त्याचा आकाशी शर्ट इस्त्री केला, दोनदा. फोटो काढायला त्याला स्वतः घेऊन गेली. फोटोग्राफरनं विचारलं, ‘‘कायसाठी पायजे?’’ तेव्हा देवमननं जमिनीकडे पाहिलं आणि भावनानंच उत्तर दिलं, ‘‘बाबाले नोकरी लागली.’’

हॉस्पिटलमध्ये त्याला गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं. त्यावर ‘रुग्ण मार्गदर्शक’ लिहिलं होतं. पहिले पंधरा दिवस प्रशिक्षण. योजनेतून घेतलेली सहा मुलं-मुली आणि हा एकटा छप्पन्नचा. पोरं त्याला आधी ‘अंकल’ म्हणाली, तिसऱ्या दिवसापासून ‘काका’.

दारातलं काम त्याला शिकवावं लागलं नाही. सोनोग्राफीची खोली विचारणाऱ्याला तो ‘सरळ जा, मग डावीकडे’ असं सांगत नसे. सोबत जाऊन खुर्चीवर बसवून येई. मंजुषा मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘‘नव्या जागी मानसाले अर्धच ऐकू येते मॅडम. अंधारात आल्यासारखं असते त्याचं.’’ त्यांनी दुसऱ्या दिवशी सहाही मुलांना तेच करायला सांगितलं.

अडचण होती टॅबची. पेशंटचं नाव, गाव, वय, काय होतंय, सरकारी योजनेचं कार्ड आहे का, हे सगळं दारातच टॅबवर भरायचं आणि टोकन काढून द्यायचं. देवमनची बोटं जाड. ‘मोर्शी’ लिहायला गेला की ‘मोरश’ व्हायचं आणि मागचं पुसायला गेला की सगळं पुसायचं. आठव्या दिवशी तो घरी येऊन म्हणाला, ‘‘नाई जमत. मॅडमले सांगतो उद्या.’’

भावनानं त्याला पायही धुऊ दिले नाहीत. तिनं एका जुन्या वहीच्या पानावर टॅबचा पडदा काढला. कुठला रकाना कुठं, कुठलं बटण कशाचं, सगळं त्याच्याकडून विचारून विचारून. मग स्वतःचा मोबाईल त्याच्यासमोर ठेवला.

‘‘मी पेशंट. तुमी लिवा. नाव प्रणाली, गाव मोर्शी, दोन दिवसापासून ताप.’’

रोज संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास हा कार्यक्रम सुरू झाला. भावना कधी तापाची पेशंट व्हायची, कधी हात मोडलेली, कधी कार्ड घरी विसरून आलेली. चौथ्या दिवशी सुंदराबाईही येऊन बसली. तिला वेगळं सोंग आणायची गरज नव्हती.

‘‘गुडघा दुखते,’’ ती म्हणाली. ‘‘दोन वर्ष झाले. घरच्याइले सांगतलं तं कोनी ऐकत नाई.’’

देवमन मोबाईलवर ‘गुडघा’ लिहायला अक्षरं शोधत राहिला. ‘‘थांब, ग सापडून नाई राहिला.’’

‘‘पाहा बाप्पा, इथी बी तेच.’’

भावना हसली आणि तिनं मोबाईल ओढून घेतला. ‘‘बाबा, तुमी उठा, मी दाखवतो कसं करा लागते. काकू, आधी बसा. कोन्या पायाचा? डावा का उजवा? जिना चढतानी जास्त दुखते का बसून उठतानी? कार्ड आनलं? नाई आनलं तं घाबरू नका, नंबर पाठ हाये का कोनाचा घरी?’’

ती असं पाच मिनिटं बोलली. न अडखळता, सरळ आईच्या डोळ्यांत बघून. सुंदराबाई खरोखरच पेशंटसारखी उत्तरं देऊ लागली. देवमन भिंतीला टेकून ऐकत होता. स्वयंपाकघराच्या पलीकडं शेजारच्या मैनाबाईंना ते सगळं ऐकू गेलं. त्या दारात येऊन म्हणाल्या, ‘‘कोन आलं हो पाहुनं? आवाज ओळखू नाई आला.’’

महिनाभरात देवमन टॅब चालवायला शिकला. हळूच, एका बोटानं, पण चुका न करता. संध्याकाळचा अर्धा तास मात्र बंद झाला नाही. आता तो दिवसभराच्या खऱ्या गोष्टी सांगायचा. कोण का चिडलं, कोणाला कुठल्या खोलीत नेलं, कोणाचा कागद कमी पडला. आणि भावना म्हणायची, ‘‘मी असती तं असं म्हटलं असतं.’’ बरेचदा तिचं बरोबर असायचं. दुसऱ्या दिवशी देवमन तसंच म्हणून बघायचा.

जूनमध्ये योजनेचे एक अधिकारी हॉस्पिटलला पाहणीसाठी आले. चांगले होते, सगळ्यांशी नीट बोलले. दारात सहा मुलांसोबत फोटो काढायचा ठरला तेव्हा देवमन बाजूला झाला. तो योजनेत बसत नव्हता. फोटो झाल्यावर त्यानं साहेबांना विचारलं, ‘‘साहेब, वर्ष झाल्यावर या पोराइले ठेवतीन ना?’’

‘‘ते संस्थेवर आहे काका,’’ साहेब म्हणाले. ‘‘आम्ही एक वर्ष हात देतो. तेवढ्या वेळात पोरानं काम शिकावं आणि मालकाला त्याची गरज वाटावी, असा विचार आहे. सगळीकडं तसं होतंच असं नाही.’’

देवमनला हे उत्तर आवडलं. गोड बोलून साहेब मोकळे झाले नव्हते.

जुलैत अकोल्याच्या एका तपासणी केंद्राची जाहिरात आली. रक्त, एक्स-रे, एमआरआय असं सगळं एका छताखाली, आणि पेशंट मदत कक्षात पाच जागा. याच योजनेतून. देवमननं सुट्टी काढायची तयारी केली.

‘‘या वेळी मी एकटी जातो,’’ भावना म्हणाली. ‘‘तुमची ड्युटी हाये.’’

अकोल्याला तिला ‘स्वतःबद्दल सांगा’ असं कोणी म्हटलंच नाही. तिच्या हातात फोन दिला आणि शेजारच्या खोलीतून केंद्राचाच एक माणूस चिडलेला पेशंट होऊन बोलू लागला. रिपोर्ट मिळाला नाही, दोन हेलपाटे झाले, मी तक्रार करीन. भावनानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘काका, तुम्ही आता केंद्रातच आहात का घरी? उभे असाल तर आधी बसा. नाव सांगा, मी फोन चालू ठेवूनच शोधते.’’ पलीकडचा माणूस खोटा राग विसरून ‘बसलो’ म्हणाला. खोलीत मुलाखत घेणारे दोघे एकमेकांकडे बघून हसले. निवड तिथंच झाली.

तिनं लगेच बाबाला फोन लावला. देवमन त्या वेळी चांदूरकडच्याच एका म्हातारीला चाकांच्या खुर्चीवरून एक्स-रेला नेत होता. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, ‘‘बरं. ठेव आता, पेशंट हाये संगं.’’

म्हातारीला पोचवून, तिचा नंबर लागेपर्यंत थांबून, तो जिन्याखाली गेला. एका पायरीवर बसला आणि भावनाला परत फोन लावला.

‘‘पुन्हा सांग,’’ तो म्हणाला. ‘‘सगळं सांग. सुरुवातीपासून.’’

ती दहा मिनिटं बोलत होती. मंजुषा मॅडम वरून जाताना त्यांना तो दिसला. त्या काही न विचारता पुढे गेल्या आणि दारात त्याच्या जागी स्वतः उभ्या राहिल्या.

भावना अकोल्यात दोन मुलींसोबत खोली करून राहू लागली. पहिल्या महिन्यात आईशिवाय जेवण जाईना आणि फोनवर रोज भांडण व्हायचं, कारण सुंदराबाई रोज ‘काय खाल्लं’ विचारायची आणि रोज तेच उत्तर असायचं. हळूहळू सवय झाली. दिवाळीत ती आईसाठी बाबाच्याच हॉस्पिटलात गुडघ्याच्या डॉक्टरची वेळ घेऊनच आली. देवमननं त्यांना दारात उतरवून घेतलं, टॅबवर नाव लिहिलं, ‘गुडघा’ एका दमात. सुंदराबाईनं ते पाहिलं. आत डॉक्टरांना सांगताना ती म्हणाली, ‘‘आमचे मालक इथीच कामाले हायेत.’’

वर्ष संपलं तेव्हा केंद्रानं पाचांपैकी तिघांना ठेवलं. भावना त्यात होती. कुंदन नव्हता. बडनेऱ्याचा मुलगा, कामाला चांगला, पण मनमिळाऊ नाही असं वरच्यांचं मत. भावनाला ते पटलं नाही. तिनं व्यवस्थापकांना जाऊन तसं सांगितलं, स्पष्ट. ते म्हणाले, ‘‘मदत संपली की आम्हाला पाच परवडत नाहीत.’’ त्यांचंही खोटं नव्हतं. तिनं संध्याकाळी बाबाला फोन केला.

देवमननं दुसऱ्या दिवशी मंजुषा मॅडमना सांगितलं. ‘‘मॅडम, एक पोरगा हाये. काम शिकलेला. पन त्याचं आता सरकारकडून काई येनार नाई.’’

‘‘नाही येणार,’’ मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला. ‘‘शिकलेला आहे म्हणता? मग पंधरा दिवसांचं प्रशिक्षण तरी वाचेल माझं. पाठवा. दुपारपाळीला माणूस कमीच आहे. पण महिनाभर तुमच्याबरोबर ठेवीन, मग ठरवीन.’’

कुंदन आला. खरंच कमी बोलायचा. पण एका कोरकू आदिवासी बाईचा नवरा आत ऑपरेशनला होता, तेव्हा तो तिच्या शेजारी काही न बोलता तासभर बसला, आणि ती त्याच्याच हातचं पाणी प्याली. देवमननं हे मॅडमना सांगितलं. महिन्यानं त्यांनी त्याला कायम केलं.

आता शनिवारी भावना अकोल्याहून चारच्या गाडीनं निघते आणि सातच्या आसपास अमरावतीच्या स्टँडवर उतरते. देवमन ड्युटी संपवून तिथं आलेला असतो. चांदूर बाजारच्या गाडीत दोघं शेजारी बसतात आणि गाडी सुटायच्या आधीच बोलायला लागतात. परवा तिनं नवा नियम सांगितला. त्यांच्याकडे आता रिपोर्ट मोबाईलवरच जातो, कागद मिळत नाही.

‘‘ज्याच्याजवळ मोबाईल नाई त्यानं काय करावं?’’ देवमननं विचारलं.

‘‘मी तेच म्हटलं त्याइले. मंगळवारी मीटिंग हाये. तुमच्याकडं काय करतात?’’

‘‘आमी छापून देतो. पन रांग लागते भल्ली मोठी. थांब, सांगतो कशी लावतो ते.’’

त्यानं खिशातून तिकीट काढलं, मांडीवर उलटं ठेवलं आणि त्यावर बोटानं खिडकी, दार आणि रांगा काढून दाखवू लागला. मागच्या बाकावरच्या दोन बाया पुढं वाकून ऐकत होत्या. सुंदराबाईचा फोन आला तेव्हा दोघांनाही तो दुसऱ्या वेळी वाजेपर्यंत ऐकू गेला नाही.